उंदराच्या कोलायटिसवर चाललेली पावडर भाच्याला द्यावी का?

प्रश्न दोन आहेत, दोन्ही एकाच गोष्टीचे. पहिला गेवराईकडच्या एका मामांचा. भाचा 22 वर्षांचा, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला आतून सूज अन् जखमा) असल्याचं कळून दोन वर्षं झाली, मेसालामीन (त्या सुजेवरचं औषध) चालू आहे, मधून मधून रक्त पडतं. जिमवाल्या पोरानं त्याला ग्लुटामिनचा (हे एक अमिनो अ‍ॅसिड, म्हणजे प्रोटीन ज्या तुकड्यांचं बनतं त्यातला एक) डबा दिला अन् मोबाइलवर दाखवलं की हे बघ उंदरांवर प्रयोग झालेत, आतड्याची सूज उतरते, गोळ्या कशाला खातो. मामा विचारायलेत हे खरं का खोटं. दुसरा प्रश्न एका एम.फार्मच्या पोरीचा, तिच्या गाईडनं अमिनो अ‍ॅसिड आणि कोलायटिस हाच विषय सुचवलाय, घ्यावा का न घ्यावा. दोघांना एकदमच सांगतो, लांबेल जरा, सवडीनं वाचा.

आधी माझं सांगतो म्हणजे कुठून बोलायलोय ते कळेल. मी पेशंट तपासणारा डॉक्टर नाही. फार्माकॉलॉजी शिकवतो, मराठवाड्यातल्याच एका कॉलेजात, अन् वीसेक वर्षं उंदीर-घुशींच्या आतड्यावर काम केलंय (घूस म्हणजे लॅबमधला पांढरा रॅट, शेतातली नव्हे). कोलायटिस झालेलं आतडं किती वेळा हातात धरलं याची मोजदाद नाही. त्यामुळं उंदराचं मी खात्रीनं सांगीन, माणसाचं जेवढं छापून आलंय तेवढंच सांगीन, अन् गोळ्यांचा निर्णय भाच्याच्या डॉक्टरचा.

मामा, उत्तर आधीच देऊन टाकतो. उंदरांवरचे प्रयोग खरे आहेत, पोरगं खोटं बोलत नाही. पण गोळ्या बंद कर हे जे त्यानं पुढं जोडलं ते त्या प्रयोगांतून निघतच नाही. कामून ते कळायला उंदराला कोलायटिस होतो कसा हे बघावं लागतं, कारण उंदराला तो आपसूक होत नाही, आम्ही करतो.

डीएसएस नावाची पांढरी पावडर येते, डेक्सट्रान सल्फेट सोडियम. दिसायला पिठीसाखर. ती पाण्यात 2 ते 5 टक्के मिसळायची अन् उंदराच्या बाटलीत भरायची, बस. 1990 साली जपानमधल्या ओकायासू आणि मंडळींनी ही पद्धत उंदरात छापली अन् तेव्हापासून जगभर हीच चालते, कारण स्वस्त, सोपी, अन् सहा-सात दिवसांत निकाल. पहिले दोन-तीन दिवस काहीच दिसत नाही, विद्यार्थी घाबरून विचारतात सर पावडर खराब तर नाही ना. चौथ्या दिवशी लेंडी मऊ पडते, पाचव्या-सहाव्याला रक्त, वजन उतरायला लागतं, उंदीर पाठ काढून कोपऱ्यात बसतो, केस उभे. आतडं काढून पट्टीवर ठेवलं तर आखडून चांगलंच तोकडं झालेलं असतं. हे सगळं बघून कुणालाही वाटेल की हुबेहूब माणसाचाच आजार.

आता पुढची गोष्ट, जी मोबाइलवरच्या बातमीत कधीच नसते. ती बाटली काढून साधं पाणी ठेवलं की उंदीर आपला आपण सावरतो. दोन-तीन आठवड्यांत वजन परत, रक्त बंद. कुठलीही पावडर न देता. डीएसएसनं आतड्याच्या आतलं अस्तर सोललं जातं, त्याच्यावरचा चिकट थर फाटतो, आतले बॅक्टेरिया भिंतीला भिडतात अन् सूज येते. म्हणजे ही एक जखम आहे, आम्ही केलेली. ज्या उंदरांत टी-सेल बी-सेलच नाहीत, म्हणजे इम्युनिटीची अर्धी फौजच गायब, त्यांनाही डीएसएसनं कोलायटिस होतो. माणसाच्या आजारात नेमकी तीच फौज वर्षानुवर्षं आपल्याच आतड्यावर चिडून असते, थोडं शांत होते, परत चवताळते. भाच्याला कुणी बाटलीतून काही पाजलेलं नाही जे काढून घेतलं की तो बरा होईल. नाव एकच, कोलायटिस, पण एक खरचटलेला गुडघा आहे अन् दुसरा संधिवात, असं समजा.

बाकीही मॉडेल आहेत. टीएनबीएस म्हणून केमिकल आहे, 1989 पासूनचं, ते अल्कोहोलात मिसळून गुदद्वारातून देतात. 1993 साली आयएल-10 हे सूज आवरणारं जीन काढून टाकलेले उंदीर आले, त्यांना खरंच आपसूक आतड्याची सूज येते, अन् गंमत म्हणजे अजिबात बॅक्टेरिया नसलेल्या जागी वाढवले तर येत नाही. ते माणसाच्या जरा जवळ जातं, पण ते उंदीर महाग, वेळ लागतो, आमच्यासारख्या कॉलेजला झेपत नाही, त्यामुळं अमिनो अ‍ॅसिडवरचे बहुतेक पेपर तुम्ही उघडले तर त्यात डीएसएस नाहीतर टीएनबीएसच दिसेल.

मग अमिनो अ‍ॅसिड द्यायची कल्पना वेड्यासारखी आहे का? मुळीच नाही. उलट लै हुशार कल्पना आहे अन् म्हणूनच लोक इतकी वर्षं तिच्या मागं आहेत. ग्लुटामिनचं बघा. छोट्या आतड्याच्या पेशी साखरेपेक्षा ग्लुटामिन जास्त जाळतात हे 1970च्या दशकात विंडम्युलर अन् स्पेथ यांनी रॅटच्या आतड्यावर दाखवलं. त्या काळी हे नवलच होतं. थ्रिओनिन घ्या, आतड्यावर जो चिकट थर असतो त्याचं मुख्य प्रोटीन थ्रिओनिननं भरलेलं असतं, सूज असताना तो थर बनवायला माल कमी पडतो, अन् डीएसएस दिलेल्या रॅटच्या खाण्यात थ्रिओनिन, सेरीन, प्रोलिन, सिस्टिन वाढवलं तर तो थर जास्त बनतो हे 2006 साली आलंय. आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड होतं, 2012 साली अमेरिकेत डीएसएसच्या उंदरांना आर्जिनिन दिल्यावर ते सुधारले, अन् ज्या उंदरांत नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एक ठरावीक एन्झाइम काढून टाकलं होतं त्यांच्यात फायदा गायब झाला. हा असला प्रयोग मला आवडतो, कारण तो नुसतं बरं वाटलं म्हणत नाही, कुठल्या वाटेनं वाटलं ते दाखवतो. 2003 मध्ये ग्लायसिनचं आलं, खाण्यात 5 टक्के ग्लायसिन घातलं तर रॅटमधला कोलायटिस आटोक्यात राहिला. कॅनडात डुकराच्या पिलांवर ट्रिप्टोफॅन अन् सिस्टिन वापरून बघितलंय, डुकराचं आतडं माणसाच्या बरंच जवळचं असतं म्हणून त्याला वजन आहे.

एवढं वाचून जिमवाला म्हणेल बघा मी सांगत होतो. थांब जरा. याच यादीत उलटे निकाल पण आहेत, ते कुणी फॉरवर्ड करत नाही. 1997 साली जपानमधल्याच लोकांनी टीएनबीएस दिलेल्या रॅटना ग्लुटामिन दिलं, अन् जास्तीच्या मात्रेत कोलायटिस बिघडला. पेपरच्या नावातच ते लिहिलंय. सेरीनचं तर 2020 साली असं निघालं की सुजलेल्या आतड्यातले ई. कोलायच्या खानदानातले वाईट बॅक्टेरिया खाण्यातल्या सेरीनवर माजतात, अन् उंदराच्या खाण्यातून सेरीन काढलं की त्यांचा जोर ओसरतो. म्हणजे आपण जे आतड्याच्या पेशीसाठी पाठवतो ते आधी कुणाच्या ताटात पडेल याचा भरवसा नाही. तिथं पंगतीला आपण एकटे नसतो.

शिवाय एक बारीक गोष्ट. ग्लुटामिनचं सगळं कौतुक मुख्यतः छोट्या आतड्याचं आहे. भाच्याचा आजार मोठ्या आतड्यात. मोठ्या आतड्याच्या पेशी जास्त करून ब्युटिरेटवर जगतात, जे आपले बॅक्टेरिया न पचलेल्या फायबरपासून बनवतात, हे रोडिगर नावाच्या सर्जननं 1980च्या सुमारास दाखवलं. शिवाय तोंडानं घेतलेलं ग्लुटामिन बहुतेक वरच्या आतड्यातच शोषलं जातं, खाली सिग्मॉइडपर्यंत (मोठ्या आतड्याचं शेवटाकडचं वळण) पोचतं कुठं. पाणी सोडलं जायकवाडीतून अन् पीक कालव्याच्या शेवटच्या शेतात उभं, तसली गत.

आता माझी फजिती सांगतो, यातून मी जे शिकलो ते कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. बरीच वर्षं झाली, आर्जिनिनवर एक प्रयोग लावला होता. नियमाप्रमाणे गट पाडले, एकाला साधं पाणी, एकाला डीएसएस, एकाला डीएसएस अधिक आर्जिनिन, दोन्ही एकाच बाटलीत. निकाल असा सुंदर आला की विचारू नका. आर्जिनिनच्या गटात रक्त नाही, वजन जवळजवळ जागेवर, आतड्याची लांबी मस्त. विद्यार्थी खूश, मी खूश, पेपरचं नाव पण ठरलं. मग आमच्या अ‍ॅनिमल हाउसचा अटेंडंट, दहावी पण पूर्ण न झालेला माणूस, सहज म्हणाला, सर त्या पिंजऱ्यातले पाणीच पीत नाहीत, बाटली रोज तशीच भरलेली असते. माझ्या पायाखालची जमीन सरकली. आर्जिनिन पाण्यात विरघळवलं की ते पाणी चांगलंच अल्कधर्मी होतं, चवीला बेकार, अन् आम्ही ते हायड्रोक्लोराइड न वापरता साधंच वापरलेलं, पीएच पण जुळवला नव्हता. उंदरांनी पाणी कमी प्यालं, म्हणजे डीएसएस कमी गेलं, म्हणजे कोलायटिसच कमी झाला. औषधानं नव्हे, चवीनं. सगळा डेटा फेकला. तेव्हापासून मी कुणाचाही असला पेपर वाचायला घेतला की आधी बघतो बाटल्या वजन केल्यात का, रोज किती पाणी प्यालं ते लिहिलंय का. नसेल तर पुढचं वाचताना चष्मा पुसून घेतो.

दुसरी फजिती उलटी. मे महिना, बाहेर 43 डिग्री, लोडशेडिंग, जनरेटर होता पण डिझेलचं बिल मंजूर व्हायचं होतं. अ‍ॅनिमल हाउस तापलं, उंदरांनी ढसाढसा पाणी प्यालं, त्याच पाण्यात डीएसएस, तीन दिवसांत जे व्हायचं ते झालं अन् निम्मे उंदीर गेले. हे सांगायचं कारण असं की डीएसएसचा कोलायटिस हा कंपनी, बॅच, उंदराची जात, पिंजरा, मोसम, सगळ्यावर हलतो. एकाच पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळं त्यांचे बॅक्टेरिया सारखे होतात, अन् एक पिंजरा म्हणजे खरं तर एकच उंदीर असं धरायला पाहिजे. पण बरेच जण एका गटाचे सहा उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवतात अन् लिहितात सहा. हे पाप मी पण केलंय.

अजून एक, अन् मामांसाठी हेच महत्त्वाचं. बहुतेक प्रयोगांत अमिनो अ‍ॅसिड डीएसएसच्या आधी पाच-सात दिवस चालू करतात. म्हणजे मारायच्या आधीच चिलखत घालून ठेवायचं. त्यात आश्चर्य नाही की मार कमी लागला. भाच्याला दोन वर्षांपूर्वी लागलाय.

मात्रेचा हिशोब पण घालतो, कारण जिमवाले दोन चमचे म्हणतात ते कुठून आणतात देव जाणे. जनावराचा डोस माणसावर आणताना किलोला किलो लावत नाहीत, शरीराच्या पृष्ठभागाचा हिशोब करतात, ढोबळ मानानं उंदराचा डोस 12.3 ने भागायचा अन् रॅटचा 6.2 ने. वरचं ग्लायसिन घ्या. 200 ग्रॅमचा रॅट दिवसाला समजा 16 ग्रॅम खातो, त्याच्या 5 टक्के म्हणजे 0.8 ग्रॅम ग्लायसिन, म्हणजे किलोला 4 ग्रॅम. 6.2 ने भागलं तर 0.65 ग्रॅम, 60 किलोच्या माणसाला दिवसाला जवळपास 39 ग्रॅम. रोज. मोकळं ग्लायसिन. एवढं खाऊन ज्याचं पोट आधीच बिघडलंय त्याचं काय होईल ते तुम्हीच सांगा.

बरं, उंदीर सोडा, माणसात बघितलंय का कुणी? बघितलंय, अन् तिथं हवा निघते. क्रोन्समध्ये, जो भाच्याच्या आजाराचा चुलतभाऊ, जास्त झालंय. 1999 साली बेल्जियमच्या लोकांनी क्रोन्सच्या पेशंटना दिवसाला 21 ग्रॅम ग्लुटामिन चार आठवडे दिलं, आतड्याची गळती (भिंतीतून नको ते आत झिरपणं) जशीच्या तशी. 2000 साली इंग्लंडात 18 लहान पोरांवर ट्रायल झाली, नऊ जणांना ग्लुटामिन वाढवलेलं दुधासारखं पेय, नऊ जणांना साधं. साध्यावर पाच बरे झाले, ग्लुटामिनवर चार. आपल्याकडं दिल्लीच्या एम्सनं 2012 ला छापलं, ग्लुटामिन विरुद्ध व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीतलं), दोन महिने, किलोला अर्धा ग्रॅम. दोन्ही गटांत आतड्याची गळती कमी झाली, दोघांत फरक नाही. म्हणजे ग्लुटामिननं जे केलं ते साध्या व्हेनं पण केलं. 2016 ला कॉक्रेनवाल्यांनी (जगभरच्या ट्रायल एकत्र करून तपासणारी संस्था) क्रोन्समधल्या ग्लुटामिनच्या सगळ्या ट्रायल गोळा केल्या तर त्यांच्या कसोटीला उतरलेल्या दोनच निघाल्या, मिळून 42 पेशंट, अन् त्यावरून काही सांगता येत नाही असं लिहून मोकळे झाले. इतक्या वर्षांच्या उंदरांच्या ढिगाखाली 42 माणसं.

हे तर अन्नच आहे, अपाय काय होणार, असं म्हणणाऱ्यांसाठी 2013 ची एक मोठी ट्रायल आहे, 40 आयसीयूतल्या 1223 गंभीर पेशंटवर. ग्लुटामिन दिलेल्यांत 28 दिवसांत मरण पावलेले 32.4 टक्के, न दिलेल्यांत 27.2 टक्के. आता ते अवयव फेल झालेले पेशंट होते, मात्रा मोठी होती, भाच्याला चमचाभर पावडरीनं असं होईल असं मी अजिबात म्हणत नाही, उगं भीती घालायची नाही. पण अपाय होऊच शकत नाही हे वाक्य मात्र खोडून टाका.

क्रोन्समध्ये अजून एक किस्सा बोलका आहे. पोरांना सहा ते आठ आठवडे बाकी सगळं जेवण बंद करून फक्त पातळ पेयावर ठेवलं तर आजार बराच उतरतो, ही आज मान्य ट्रीटमेंट आहे. सुरुवातीला ही पेयं मोकळ्या अमिनो अ‍ॅसिडची असायची अन् लोकांना वाटलं कमाल अमिनो अ‍ॅसिडची आहे. मग साध्या दुधाच्या प्रोटीनवाल्या पेयाशी तुलना केली तर निकाल सारखाच. शिवाय अमिनो अ‍ॅसिडवाल्याची चव इतकी घाण की पोरं नाकातून नळी घालून घ्यायची पण पीत नव्हती. (अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये ही पेयाची पद्धत तशी चालत नाही, त्यामुळं मामा, तुम्ही भाच्याचं जेवण बंद करू नका.)

आता जरा विषय सोडून, पण आपल्या मातीचं आहे म्हणून सांगतोच. अमिनो अ‍ॅसिड, आतडं अन् जनावर या तिन्हींची एक जुनी गोष्ट आपल्या ज्वारीत आहे. पेलाग्रा नावाचा आजार, कातडी काळी पडून सोलते, हगवण लागते, डोकं बिघडतं. तो नायासिन व्हिटॅमिनच्या कमतरतेनं होतो अन् जगात मका खाणाऱ्यांत दिसायचा. पण हैदराबाद अन् आजूबाजूच्या दख्खनच्या पट्ट्यात तो ज्वारी खाणाऱ्या गरिबांत दिसायला लागला. आपला मराठवाडा त्याच पट्ट्यातला, ताटात तीच भाकरी. कुन्नूरची न्यूट्रिशनची लॅब 1958 ला हैदराबादला आली होती, तिथं गोपालन अन् श्रीकांतिया यांनी 1960 साली मांडलं की ज्वारीत ल्युसिन हे अमिनो अ‍ॅसिड फार आहे अन् ते ट्रिप्टोफॅनपासून नायासिन बनण्याच्या कामात खोडा घालतं. कुत्र्यांना ज्वारीवर ठेवून जीभ काळी पडते हे पण तिथल्या लोकांनी दाखवलं, कुत्र्याचा तो पेलाग्राच. पुढं यावर जगभर वाद झाले, सगळ्यांच्या जनावरांत ते तसं दिसलं नाही, पण एक अमिनो अ‍ॅसिड वाढलं की दुसऱ्याचं गणित हलतं हा मुद्दा तिथून माझ्या डोक्यात पक्का बसला. आता 2012 ला या. कोरोनात ज्या एसीई-2 चं नाव घरोघरी गेलं, व्हायरसचं दार म्हणून, तेच एसीई-2 आतड्यात ट्रिप्टोफॅन आत घ्यायच्या पंपाला धरून ठेवतं. ते काढून टाकलेल्या उंदरांना डीएसएस दिलं तर कोलायटिस फारच जोराचा, अन् ट्रिप्टोफॅन नाहीतर नायासिनचाच प्रकार असलेलं निकोटिनामाइड दिलं की उतरला. बावन्न वर्षांनी तोच धागा, ट्रिप्टोफॅन अन् नायासिन अन् हगवण. 2017 ला जर्मनीत पाचशेवर आयबीडी (अल्सरेटिव्ह कोलायटिस अन् क्रोन्स, दोन्हींचं मिळून नाव) पेशंटच्या रक्तात ट्रिप्टोफॅन कमी सापडलं. आता सांगा, जिमच्या बीसीएएच्या (तीन अमिनो अ‍ॅसिडचं मिश्रण) डब्यात सगळ्यात जास्त काय असतं? ल्युसिन. कुणी त्यावरून लगेच घाबरू नका, डाळ-दूध-अंडं खाणाऱ्याला भाकरीनं पेलाग्रा होत नसतो, अन् रक्तात कमी आहे म्हणजे दिल्यानं बरं होईल असंही नसतं, ताप आलेल्याच्या रक्तात लोह कमी दिसतं तसलं असू शकतं. पण एकच अमिनो अ‍ॅसिड चमच्यानं ओतणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे एवढंच.

तर मामा, आता तुमच्या भाच्याचं. मेसालामीन बंद करायची नाही, रक्त थांबलं तरी नाही. यावर उंदराची नव्हे, माणसाची आकडेवारी आहे. 2003 साली अमेरिकेत 99 बरे असलेल्या कोलायटिसवाल्यांना दोन वर्षं बघितलं, जे गोळ्या नीट घेत नव्हते त्यांच्यात आजार उलटायचा धोका पाचपटीहून जास्त. खरं तर माझा पहिला प्रश्न हाच राहील की पोरगं गोळ्या रोज घेतंय का, का रक्त थांबलं की सोडतंय अन् पडलं की परत चालू करतंय. आपल्याकडं निम्म्या घरांत दुसरंच चालू असतं. त्याला रागावून नव्हे, शेजारी बसवून विचारा.

मधून मधून रक्त पडतंय म्हणजे आजार पूर्ण दबलेला नाही, हे डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे, जिममध्ये नव्हे. कॅलप्रोटेक्टिन म्हणून संडासची टेस्ट असते, तिनं सूज किती आहे याचा अंदाज येतो, ती करून घ्या. अमिबा किंवा दुसरं इन्फेक्शन वर बसलेलं असू शकतं, आपल्या पाण्यात ते काही नवल नाही, म्हणून संडास तपासून घ्या. हिमोग्लोबिन, बी-12, डी पण. खालून द्यायची मेसालामीन, एनिमा नाहीतर सपोझिटरी, ही चालू आहे का ते विचारा, पोरं लाजून ती घेतच नाहीत अन् नुसत्या तोंडाच्या गोळ्यांपेक्षा दोन्ही मिळून फायदा जास्त होतो. मूळव्याध म्हणून कुठल्या बोर्डवाल्याकडं नेऊ नका.

अन् प्रोटीन. इथं जिमवाला थोडा बरोबर आहे, चुकून का होईना. आजार चालू असताना शरीराला प्रोटीन जास्त लागतं, युरोपातल्या तज्ज्ञांचं मार्गदर्शन किलोला 1.2 ते 1.5 ग्रॅमचं आहे, म्हणजे 60 किलोच्या पोराला 72 ते 90 ग्रॅम, अन् शांत असताना किलोला 1 ग्रॅमपर्यंत पुरतं. आपल्या पोरांच्या ताटात भाकरी-भाजी-ठेचा असतो, तेवढ्यात हे भरत नाही. एका अंड्यात सहाएक ग्रॅम. दही, पनीर, मऊ शिजवलेलं मुगाचं वरण, घरात चालत असेल तर चिकन, असं करून भरा. रक्त पडत असताना ठेचा, कच्ची कांद्याची पात, सालासकट शेंगदाणे थोडे दिवस बाजूला ठेवा, बरं झालं की परत खाऊ द्या, आयुष्यभराची बंदी नको, ब्युटिरेटला फायबर लागतंच. जेवण जात नसेल अन् पावडरच घ्यायची असेल तर डॉक्टरला दाखवून साधी व्हे घ्या, तिच्यात ग्लुटामिनसकट सगळीच अमिनो अ‍ॅसिड असतात, अन् एम्सचा निकाल वर सांगितलाच. फक्त डब्यावर सॉर्बिटॉल, माल्टिटॉल असलं काही लिहिलंय का बघा, त्यानं चांगल्या माणसाला जुलाब लागतात. आणलेला ग्लुटामिनचा डबा दुकानदार परत घेत असेल तर द्या, घेत नसेल तर तुमचे पैसे गेले, भाच्याच्या आतड्यानं ते वसूल करून द्यावेत अशी सक्ती नको.

आता एम.फार्मवाल्या बाई, तुझं. विषय घे, बिनधास्त घे, मी एवढं सांगितलं म्हणून घाबरू नको. पण डीएसएसच्या आधी अमिनो अ‍ॅसिड देऊन बरं झालं असं दाखवणारा शंभरावा प्रयोग करू नको. रक्त दिसायला लागल्यावर चालू कर, अन् शक्य असलं तर डीएसएसचे दोन-तीन फेरे देऊन जुनाट कोलायटिस कर, मग दे. कंट्रोलला नुसतं पाणी नको, तेवढाच नायट्रोजन भरेल असं अ‍ॅलानिन दे, नाहीतर जास्तीच्या प्रोटीनचाच फायदा तू ग्लुटामिनच्या नावावर लिहिशील. बाटलीत मिसळू नको, गॅव्हाजनं (तोंडातून पोटात नळी घालून) दे, अन् ग्लुटामिनचं पाणी रोज ताजं कर, ते ठेवल्या-ठेवल्या फुटतं, आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच. बाटल्या रोज वजन कर, रिकाम्या पिंजऱ्यावर एक बाटली टांगून ठेव म्हणजे गळती किती ते कळेल. एका गटाचे उंदीर तीन-चार पिंजऱ्यांत वाट. स्लाइड वाचणाऱ्याला कोणता गट ते कळू देऊ नको, गाईडला सुद्धा नको, गाईडला तर अजिबातच नको. एथिक्स कमिटीचा फॉर्म भरताना उंदरांची संख्या कशावरून काढली ते नीट मांड, पाच-सहा असतात म्हणून सहा असं लिहिलं तर परत पाठवतील अन् बरोबरच करतील. निकाल नाही आला तर नाही आला असं लिही, आमच्या पिढीनं ते कपाटात ठेवले म्हणून तर मामांच्या भाच्याच्या मोबाइलवर फक्त बरे झालेले उंदीर दिसतात. अटेंडंटशी रोज पाच मिनिटं बोलत जा. अन् काही झालं तरी एप्रिल-मे मध्ये चालू करू नको, एक-दोन पाऊस पडू दे, जुलैत लाव.